गोलघुमट जगात दुसरा? एक खुलासा

विजापूरचा गोलघुमट 'जगातला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा घुमट' असल्याचा मेसेज पुन्हा फिरतोय. हे खरं नाही. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर. पण त्याची भिंतच ३ मीटर जाड, त्यामुळे आतला व्यास भरतो ३८ च्या आसपास. रोमचं प्राचीन मंदिर पँथिऑन, त्याचा घुमट आतून ४३ मीटर; व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चचा जवळपास ४२. आजची स्टेडियमं मोजायला घेतली तर विचारूच नका.

मग विजापूरकरांनी मान खाली घालायची का? मुळीच नाही. खरी करामत घुमटाच्या खाली आहे. चौरस दालनाची प्रत्येक बाजू सुमारे ४१ मीटर आणि मध्ये एकही खांब नाही. भिंतींतून उठलेल्या आठ कमानी एकमेकींना छेदत जातात, चौकोनाचा अष्टकोन होतो आणि त्यावर घुमट बसतो. या दालनाचं क्षेत्रफळ पँथिऑनपेक्षाही जास्त. नंबर लावायचाच तर इथे लावा.

त्याच मेसेजात गोलघुमटातली कबर इब्राहिम आदिलशहाची म्हटली आहे. तीही चूक. त्याची कबर, म्हणजे इब्राहिम रोजा, शहराच्या तटाबाहेर, पश्चिमेला आहे. गोलघुमटात आहे तो १६५६ साली वारलेला मुहम्मद आदिलशहा, शहाजीराजांनी ज्याच्या दरबारी चाकरी केली तो.