हॅममध्ये जिरं नव्हतं

आधीच सांगतो, जिरं नव्हतं. चिमूटभरसुद्धा नव्हतं. फोडणीचा डबा त्या दिवशी कपाटाबाहेर आलाच नव्हता, आणि हे मी बायकोच्या गळ्याची शपथ घेऊन सांगायला तयार आहे. बायको तयार नाही, तो प्रश्न वेगळा.

आमच्या ऑफिसात नाताळच्या पॉटलकची (प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायचा, अशा जेवणाची) यादी निघते, आणि मी ती उघडेपर्यंत कुणीतरी माझ्या नावापुढे ‘समोसे’ लिहून ठेवलेलं असतं. मला समोसे येत नाहीत. मी कोल्हापूरचा. सोळा वर्षं इंडियन ग्रोसरीतले फ्रोझन समोसे तळून नेतोय आणि ‘तुझ्या आईची रेसिपी ना?’ या प्रश्नावर मान डोलावतोय. आईनं आयुष्यात समोसा केलेला नाही. यंदा यादी आल्या मिनिटाला उघडली, ‘हॅम’ (डुकराची खारवलेली मांडी) हा रकाना मोकळा दिसला आणि हात शिवशिवले. अमेरिकेतल्या सिनसिनाटीत राहून हॅम नाही करायचं तर कुठं करायचं? एकोणिसाव्या शतकात इथं डुकरांचा एवढा धंदा होता की गावाला पोर्कोपोलिस म्हणायचे. 1999 पासून इथली मॅरेथॉनसुद्धा उडत्या डुकराच्या नावानं धावते.

आठ पौंडांचं हाडासकट हॅम आणलं. गोल गोल आधीच कापलेलं, आधीच खारवलेलं, आधीच धुरावलेलं आणि, पाकिटावरच्या बारीक अक्षरांत, आधीच शिजवलेलंही. म्हणजे आपण फक्त 140 फॅरनहाइटपर्यंत गरम करायचं. एवढ्यासाठी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

घरातला स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, बायकोचा. त्यात ती बासुंदी आटवते. ‘माझ्या बासुंदीच्या भांड्यात डुकराची तंगडी?’ एवढंच म्हणाली आणि कुकरात घालायच्या त्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मिळतात, त्यातल्या दोन एकात एक घालून दिल्या. वर रबरबँड. हा पुरावा लक्षात ठेवा. त्या भांड्यात पूर्वजन्मीचं जिरं असतं तरी हॅमपर्यंत पोचलं नसतं.

हॅम भांड्यापेक्षा चार बोटं उंच निघालं. झाकण टोपीसारखं वर बसलं, मग फॉइलचा तंबू ठोकला. लो वर साडेचार तास. या यंत्रात झाकण उघडायचं नाही हा मुख्य नियम, एकदा उघडलं की वीसेक मिनिटं वाढतात. कोल्हापूरच्या माणसाला मटणाचं झाकण उघडायचं नाही म्हणजे काय हो? आम्ही रस्सा हातावर घेऊन चाखत चाखतच लहानाचे मोठे झालो.

(जाता जाता. हा कुकर काढला आयर्व्हिंग नॅक्सन नावाच्या ज्यू गृहस्थानं, 1940 चं पेटंट आहे. त्याची आई लिथुआनियातल्या आठवणी सांगायची : शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी चोलेंट नावाच्या रश्श्याचं भांडं बेकरीच्या भट्टीत ठेवायचं, रात्रभर आपोआप शिजायचं. तिच्या त्या आठवणीच्या भांड्यात आज अख्खी अमेरिका डुक्कर शिजवते. बासुंदीचं दुःख त्यापुढे काय.)

ग्लेझ म्हणजे पाकच. ब्राउन शुगर, अननसाचा रस, मस्टर्ड, लवंगेची पूड. मटणात साखर घालताना माझा हात थरथरला, पण रेसिपीत होतं ते जसंच्या तसं घातलं. भांड्यात साखर करपून धरत नाही, वाफेनं नुसती ओलीच राहते, म्हणून खालचं पाणी कढईत घेऊन एकतारी होईपर्यंत आटवलं, हॅमला ब्रशनं फासलं आणि पाच मिनिटं ओव्हनच्या ब्रॉयलरखाली, म्हणजे वरच्या धगीखाली, धरलं. कापांच्या कडा वर उचलल्या, तांबूस झाल्या, गुळाच्या चिक्कीसारख्या कडक. मी एक कड मोडून खाल्ली. चांगली होती. मला राग आला, एवढी चांगली होती.

मग हॅम पुन्हा भांड्यात, भांडं गाडीत पुढच्या सीटवर, त्याला सीटबेल्ट. ऑफिसात पोचलो.

आता टायवाला. हा आमच्याच मजल्यावर बसतो, आणि डिसेंबरभर एक टाय घालतो ज्यात बटण शिवलेलं आहे. दाबलं की नाताळची धून वाजते. वाकला की बटण टेबलावर दाबलं जातं. तो कुठल्याही पदार्थावर वाकतो. हॅमवर वाकला. धून सुरू झाली. डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाला, ‘क्युमिन.’ म्हणजे जिरं.

मी म्हटलं, ‘नाही.’

‘थोडंसं.’

‘अजिबात नाही.’

‘मग टर्मरिक. हे पिवळं.’

‘ते मस्टर्ड. आणि अननस.’

‘पण काहीतरी आहे.’

‘लवंग आहे. तुमच्या आज्या हॅमला टोचतात तीच.’

‘नाही नाही, लवंग मला कळते.’ एक काप तोंडात. धून दुसऱ्या कडव्यावर. ‘हे पाठीमागून येतं. मातीसारखं. उबदार.’

‘उबदार आहे कारण वॉर्मवर ठेवलंय.’

तो थांबला, इकडेतिकडे पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘समजलो. घरची गोष्ट आहे. सांगू नकोस.’ आणि मग मागं वळून अख्ख्या रांगेला : ‘ऐका रे! यानं इंडियन हॅम केलंय!’

रांग हॅमपासून अर्धा फूट सरकली. मी डोळ्यांनी पाहिलं. एका बाईंनी दही आहे का विचारलं. दुसऱ्या बाईंनी मदत म्हणून चिठ्ठी चिकटवली, ‘स्पायसी!’ आणि शेजारी लाल मार्करनं तीन मिरच्या काढल्या. मी मिरच्या उपटल्या, तर ‘अ‍ॅलर्जीवाल्यांना कळायला हवं’ म्हणून परत लावल्या. टायवाला तिथंच उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला समजावत होता की घाबरू नका, तिखट हळूहळू चढतं. हे करता करता त्यानं पाच काप खाल्ले. घाम पुसला! साखरेचा आणि अननसाचा घाम!

हसू येतं, बरोबर आहे, मलाही येतं. पण सिटिझनशिपच्या मुलाखतीत माझे सहा प्रश्न बरोबर आले तेव्हा त्या ऑफिसरनं पुढचे विचारलेसुद्धा नव्हते, सहा पुरतात म्हणाला. इथं सोळा वर्षं पुरत नाहीत. फ्रोझन समोसे नेले तेव्हा ती आईची रेसिपी होती, आणि त्यांच्या पाकिटावरची रेसिपी अक्षर न् अक्षर केली तर ती इंडियन. मी उद्या नुसतं पाणी उकळून नेलं तरी कुणीतरी डोळे मिटून म्हणेल, वेलची. चूक दाखवायला जावं तर आपणच खडूस ठरतो, कारण समोरचा कौतुक करत असतो ना! शिवी दिली असती तर निदान भांडता आलं असतं.

अर्धं हॅम परत आलं. बायको म्हणाली, ‘ते हाड आधी बाहेर काढ.’ मी काढलं नाही. तिच्याच भांड्यात (नव्या पिशवीत) पिवळ्या वाटाण्याच्या डाळीबरोबर रात्रभर लो वर लावलं. सकाळी डाळ पार विरघळली होती, मांस हाडावरून आपणहून सुटलं होतं. वरून तुपात लसूण, हळद, हिरवी मिरची आणि जिरं. मुठीनं जिरं. सूड म्हणून.

सोमवारी डबा मायक्रोवेव्हमधून काढला, तो मागून धून. टायवाला वाकलेला, डोळे मिटलेले.

‘स्प्लिट पी सूप! हॅमचं हाड घालून! अरे, माझी आजी डिट्टो हेच करायची!’

मी शांतपणे म्हटलं, ‘यात जिरं आहे.’

‘कुठं?’

मी चमच्यावर घेऊन दाखवलं. सात-आठ दाणे, स्पष्ट दिसत होते. त्यानं चष्मा वर केला, चमचा स्वतःकडे ओढला, चाखला.

‘हे कॅरवे आहे,’ तो म्हणाला. ‘जर्मन लोक घालतात.’ आणि माझ्या डब्याचं झाकण घेऊन त्यात अर्धी आमटी ओतून घेतली.