दोनदा महावीर चक्र आणि लेखात दोन ओळी?

भारतीय वैमानिकांवरच्या लेखात जगमोहन नाथ यांना दोनच ओळी, त्याही 1965 बद्दलच्या, हे काय पटलं नाही राव. खरं काम तर 62 च्या चीन युद्धाच्या आधीपासून चालू होतं, हवाई दलाच्या 106 स्क्वाड्रनचं (तुकडीचं) कॅनबेरा विमान घेऊन, त्यात ना तोफ ना बॉम्ब, नुसते कॅमेरे, आणि थेट अक्साई चीन नि तिबेटवरून उडायचं, चिन्यांच्या हालचालींचे फोटो आणून द्यायचे. तरी युद्धात वरच्यांनी लढाऊ विमानं वापरलीच नाहीत, चीन आपल्या शहरांवर बॉम्ब टाकेल म्हणून. नाथ पुढे मुलाखतींमधे सांगायचे की तिबेटात चीनचं हवाई दल असं काही नव्हतंच. आता यात थोडं नंतर सुचलेलं शहाणपण असेलही, पण जो माणूस स्वतः वरून बघून आलाय त्याचं ऐकायला नको?

65 ला परत तेच, पाकिस्तानात आत घुसून फोटो, आणि दुसरं महावीर चक्र. दोनदा मिळालेले एकूण सहाच जण आहेत, त्यात आपले जनरल अरुणकुमार वैद्य पण. नाथ 2023 ला गेले, तेही मुंबईत, किती मुंबईकरांना माहितीये?