पाथमधली डिरेक्टरी हवी होती, पाथच कापला गेला

फाइलच्या पाथमधून डिरेक्टरीचा भाग वेगळा काढणे एवढ्याशा कामापायी या आठवड्यात माझे दोन दिवस वाया गेले आणि माझा संताप अजून उतरलेला नाही. शेलमध्ये हे काम एका आदेशात होते, पायथनमध्ये एका ओळीत होते. सी भाषेत मात्र त्यासाठी डिरनेम नावाचे जे फंक्शन गळ्यात मारले आहे, ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना विचारणाऱ्याच्याच वस्तूची मोडतोड करते.

आमचा प्रोग्राम सेटिंगची फाइल वाचतो आणि ती ज्या डिरेक्टरीत असेल तिथेच आपला लॉग लिहितो. कित्येक महिने तो बिनतक्रार चालला, कारण सगळे जण त्याला पूर्ण पाथ देत होते. परवा एका सहकाऱ्याने त्याच डिरेक्टरीत जाऊन फक्त फाइलचे नाव दिले आणि ‘फ्री: इनव्हॅलिड पॉइंटर’ एवढे म्हणून प्रोग्राम जागच्या जागी कोसळला. कोड साधा होता: स्ट्रडप या फंक्शनने पाथची प्रत काढायची, ती डिरनेमला द्यायची, जो पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत येईल तो वापरायचा आणि काम झाल्यावर फ्री करायचा, म्हणजे त्या पत्त्यावरची मेमरी मोकळी करायची. पाथमध्ये स्लॅश असेल तर डिरनेम त्या प्रतीतच शेवटच्या स्लॅशच्या जागी शून्य बाइट (स्ट्रिंग संपल्याची खूण) लिहिते आणि प्रतीच्याच सुरुवातीचा पॉइंटर परत देते, त्यामुळे तो फ्री केला तरी काही बिघडत नाही. स्लॅश नसेल तर मात्र ते आपल्याजवळच्या स्थिर मेमरीतले, ‘हीच डिरेक्टरी’ या अर्थाचे एक टिंब परत देते. आम्ही ते टिंब फ्री करत होतो. फ्री करायची ती मूळ प्रत, परत आलेला पॉइंटर नव्हे, हे मला आता कळते; पण एकाच फंक्शनने कधी माझी मेमरी परत द्यायची आणि कधी स्वतःची, आणि दोन्हींचा प्रकार मात्र हुबेहूब सारखा ठेवायचा, हा व्यवहार कोणाला पटेल?

पॉझिक्स, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिम्ससाठीचे अधिकृत नियम, या सगळ्याला मोकळीक देतात. डिरनेम दिलेल्या स्ट्रिंगमध्ये बदल करू शकते, स्थिर मेमरीकडे बोट दाखवणारा पॉइंटर परत देऊ शकते, आणि पुढच्या कॉलमध्ये ती मेमरी पुसलीही जाऊ शकते. ‘करू शकते’ या दोन शब्दांवर कोणी कोड कसा लिहायचा? फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या आवृत्त्यांत हे फंक्शन आपली वेगळी मेमरी वापरत असे, 12.0 या आवृत्तीपासून ते आपणच दिलेल्या बफरमध्ये उत्तर लिहू लागले. ज्याने जुने वर्तन पाहून विश्वासाने कोड लिहिला, त्याच्या पायाखालची जमीन सरकली, आणि पॉझिक्सच्या दृष्टीने दोन्ही वर्तने बरोबरच.

लिनक्सवरच्या ग्लिबीसी या सी लायब्ररीत, कोडमध्येच अवतरणचिन्हांत लिहिलेला पाथ (स्ट्रिंग लिटरल) थेट डिरनेमला देऊन पाहा. स्ट्रिंग लिटरल केवळ वाचता येणाऱ्या मेमरीत असते, तिच्यात शून्य लिहायला गेले की सेगमेंटेशन फॉल्ट येऊन प्रोग्राम कोसळतो. कंपायलर यावर अवाक्षर काढत नाही. वॉल आणि एक्स्ट्रा या दोन्ही इशाऱ्यांचे पर्याय लावले तरी सी भाषेत तो मूग गिळून बसतो, कारण स्ट्रिंग लिटरलचा प्रकार इथे आजही कॉन्स्ट (न बदलण्याजोगा) नाही. राइट-स्ट्रिंग्ज नावाचा पर्याय स्वतंत्रपणे मागावा लागतो. तो पर्याय आहे हे ज्याला माहीत आहे, त्याला मुळात इशाऱ्याची गरजच नसते.

पाथमधून फाइलचे नाव काढणाऱ्या बेसनेमची कथा याहून चीड आणणारी आहे. त्याच बफरवर आधी डिरनेम आणि मग बेसनेम चालवले, तर फाइलच्या नावाऐवजी तिच्या डिरेक्टरीचे नाव हाती येते, कारण फाइलचे नाव तोवर कापले गेलेले असते. छापण्याच्या प्रिंटएफ फंक्शनच्या एकाच कॉलमध्ये दोघांना शेजारी बसवले तर आधी कोण चालेल याची भाषा हमी देत नाही. शिवाय ग्लिबीसीत बेसनेम दोन आहेत: लिबजेन हेडर घेतले तर एक मिळते, ते न घेता जीएनयू सोर्सचा मॅक्रो लावून स्ट्रिंग हेडर घेतले तर दुसरे, आणि पाथच्या शेवटी स्लॅश असेल तर हे दुसरे रिकामी स्ट्रिंग परत देते. एका हेडरच्या असण्या-नसण्यावर फंक्शनचा अर्थ बदलावा, हे अक्षम्य आहे.

यावर ‘अक्षर शेवटून शोधणाऱ्या स्ट्रआरसीएचआर फंक्शनने शेवटचा स्लॅश शोधा आणि तिथे कापा, झाले’ असे सांगणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. स्लॅश नसेल तर नल, म्हणजे कुठेच न नेणारा पॉइंटर, येतो. फाइल रूटमध्येच असेल तर हाती रिकामी स्ट्रिंग उरते आणि तिच्यावर डिरेक्टरी बदलणारे सीएचडिर अपयशी ठरते. शेवटी स्लॅश असेल, मध्ये दोन स्लॅश असतील, तर आणखी वेगळे उत्तर. विंडोजवर तर उलटा स्लॅश, ड्राइव्हचे अक्षर आणि निराळीच फंक्शने.

सी भाषेच्या अधिकृत नियमांना डिरेक्टरी ठाऊकच नाही, ही सबबही मला मान्य नाही. त्याच नियमांत फाइल पुसणारे रिमूव्ह आणि नाव बदलणारे रीनेम 1989 पासून आहेत. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सी23 या आवृत्तीत स्ट्रडपलाही जागा मिळाली. पाथ कॉन्स्ट म्हणून घ्यावा, उत्तर लिहायला बफर आणि त्याची लांबी घ्यावी, जागा अपुरी पडली तर तसे सांगावे, एवढे एक फंक्शन मात्र इतक्या वर्षांत आत आले नाही. म्हणून तीसेक ओळींचे तेच फंक्शन मी काल पुन्हा लिहिले, स्लॅश नसलेल्या नावापासून नुसत्या स्लॅशपर्यंत सगळ्या चाचण्यांसकट, आणि हा माझा तिसरा प्रकल्प आहे ज्यात ते मला हाताने चिकटवावे लागत आहे.