शेजारची आत्या ऐकू येते का?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण पेटलं. नगरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुणांनी रविवारच्या भक्तीसाठी ड्रम, कीबोर्ड, दोन गिटार आणि शब्द दाखवायला मोठा पडदा मागितला होता. मामांचं म्हणणं, पेटी-तबला आणि ‘उपासना संगीत’ हे आमचं मराठी गीतांचं पुस्तक जागचं हलता कामा नये. त्यावर मामेभावाने सोळाव्या शतकातल्या जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं हुकमाचं पान टाकलं : “ल्यूथरने गुत्त्यातल्या चाली देवळात आणल्या, मग आम्ही गिटार आणली तर काय बिघडलं?” शेवटी दोघांनीही मला ओढलं. तू ल्यूथरच्या देशात राहतेस, तूच सांग म्हणे. आमची मंडळी अमेरिकन मिशनची, ल्यूथरची नव्हेच. पण भांडणात एवढं कोण बघतो?

लायपझिगमध्ये मला नऊ वर्षं झाली. त्या बळावर आधी मामेभावाला सांगते : गुत्त्याची गोष्ट खोटी आहे. जर्मन गीतरचनेत ‘बार’ नावाचा एक घाट असतो. पहिल्या दोन तुकड्यांना एकच चाल, तिसऱ्याला वेगळी. ल्यूथरची बरीच गीतं या घाटाची आहेत. ‘बार’ म्हटल्यावर कुणाला तरी दारू आठवली असणार आणि तिथून ही दंतकथा निघाली, असं इथे सांगतात. लोकांतली चाल त्याने घेतली होती, नाही असं नाही. नाताळचं ‘फॉम हिमेल होख’ हे त्याचं गीत १५३५ साली छापलं तेव्हा त्याला एका कोड्याच्या गाण्याची चाल होती. चार वर्षांत ती जाऊन नवी आली. आज जगभर गातात ती ही नवी.

उलटा दाखलाही आहे आणि तो मामांना झोंबेल. हान्स लेओ हास्लर या जर्मन संगीतकाराचं १६०१ सालचं एक प्रेमगीत, प्रेयसीपायी चित्त भांबावलेल्या माणसाचं. त्याच चालीवर पुढे पाऊल गेरहार्टचं काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूच्या मस्तकाचं गीत बसलं. संगीतकार बाखने येशूच्या दुःखसहनावरच्या आपल्या ‘मत्तय पॅशन’मध्ये ती पुन्हा पुन्हा वापरली. आता गुड फ्रायडेला ती कानावर आली की इथली म्हातारी माणसं डोळे पुसतात. ते प्रेमगीत कुणाच्या लक्षातही नाही.

मामांचा मुद्दा वाद्याचा. ‘गंभीर’ वाद्य हवं. आपल्याकडे पेटी, जर्मनीत ऑर्गन. पण ल्यूथरच्या काळात मंडळी गायची तेव्हा ऑर्गन साथीला नसेच. शाळेतली मुलं आणि कँटर म्हणजे गायनमास्तर पुढे गात, लोक त्यांच्यामागून. मंडळीच्या गाण्याला ऑर्गनची साथ रूढ झाली ती सतराव्या शतकात. तिकडे स्वित्झर्लंडच्या झुरिखमध्ये त्याच काळातला सुधारक झ्विंगली याने ऑर्गन देवळातून पार हद्दपारच केले होते. आणि आपली पेटी तरी कुठली? तीही युरोपातूनच आलेली.

ल्यूथरचं खरं काम वेगळं होतं. १५२३च्या शेवटी त्याने मित्र श्पालाटीनला पत्र लिहून जर्मन गीतं रचणारी माणसं मागितली. अट एवढीच, की शब्द दरबारी नकोत, साध्या माणसाला कळतील असे हवेत. पुढच्याच वर्षी आठ गीतांची चिमुकली पुस्तिका निघाली. त्यातली चार त्याची स्वतःची. त्याच १५२४ साली माग्देबुर्गच्या बाजारात एक गरीब म्हातारा विणकर ही गीतं गात विकत उभा होता. नगराध्यक्षाने त्याला कोठडीत घातलं, तर गावकऱ्यांनी जाऊन सोडवून आणलं. तोवर देवळात गाणं हे मुख्यतः पाद्री आणि गायकवृंदाचं, तेही लॅटिनमध्ये. ते लोकांच्या तोंडी आलं. नारायण वामन टिळकांनी आपल्याकडे दुसरं काय केलं? इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरं विलायती चालींवर कशीबशी ओढणाऱ्या मंडळींना त्यांनी अभंग आणि भजनं दिली. माझी आजी अक्षरशत्रू होती, पण टिळकांची गीतं तिला तोंडपाठ.

आता इथलं आजचं चित्र. शनिवारी दुपारी तीनला टोमासकिर्खे या चर्चमध्ये मोटेट, म्हणजे गायकवृंदाच्या गाण्याची प्रार्थनासभा, असते. तिथला मुलांचा गायकवृंद १२१२ सालचा. बाख १७२३ पासून मरेपर्यंत इथेच कँटर होता, त्याची कबरही आता याच चर्चमध्ये आहे. बाहेर रांग लागते. मुलं गायला लागली की अंगावर काटा येतो, हे नऊ वर्षांनंतरही खरं. मध्येच सगळ्यांनी मिळून गायचं एक गीत येतं. पत्रकं उघडतात, ओठ मात्र फारसे हलत नाहीत. बहुतेक जण ऐकायला आलेले असतात.

दुसऱ्या दिवशी माझ्या वस्तीतल्या चर्चमध्ये आम्ही वीस-पंचवीस जण. भिंतीवर लाकडी फळी, तीवर गीतांचे आकडे. ३६२ दिसलं की ल्यूथरचं ‘आइन फेस्टे बुर्ग’, हे आता मलाही पुस्तक न उघडता कळतं. ऑर्गन वाजवणारा रीतसर परीक्षा दिलेला, पगारी माणूस, आणि वाजवतोही सुरेख. पण भरात आला की आमचे वीस आवाज त्याखाली कुठे जातात ते कळत नाही. नगरला तबला वाजवणारे काका बँकेतून निवृत्त झालेले. वर्षाकाठी एक शाल, एक पुष्पगुच्छ. लय कधी कधी पळते. पण आत्या अर्धी मात्रा मागे राहून सगळ्यांच्या वर खड्या आवाजात गाते, आणि तिच्या आधाराने मागच्या बाकांवरची पोरंही गातात.

इथे आले तेव्हा ते पेटी-तबल्याचं गाणं मला गावंढळ वाटायचं. फोनवर मैत्रिणींना बाखचं कौतुक सांगायचे. आता तेच गाणं आठवून चिडते, कारण इथे शेजारच्या बाकावरून सूर येत नाही.

म्हणून ग्रुपवर दोघांनाही एकच उत्तर पाठवलं. गिटार आणा, ड्रमही आणा, माझी हरकत नाही. ‘उपासना संगीत’मधली गीतं गिटारवरही नीट बसतात, मी वाजवून पाहिलीत. फक्त स्पीकरचं बटण आत्याच्या हातात द्या. तिला स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाला की तिने ते खाली करायचं. मामांच्या पेटीला लावलेल्या माइकलाही हाच नियम.

मामांनी पसंतीचा अंगठा टाकला. मामेभावाने लिहिलं, “आत्या तर तो बंदच करून टाकेल.”