राजवाड्यातली शाळा आणि ते गोणपाट

सातारला पाहुणे आले की आमचा कार्यक्रम ठरलेला. संध्याकाळी राजवाडा, मग चौपाटीवर खाणं, जाताना कंदी पेढे. आणि वाड्यासमोर उभं राहून एक वाक्य टाकायचं, "इथल्या शाळेत बाबासाहेब शिकले बरं का!" पाहुणा अरे वा म्हणतो, मोबाईल काढतो, फोटो, संपलं. मी पण वर्षानुवर्षं हेच करत आलोय, म्हणून आधी स्वतःलाच बोलतोय.

वाडा प्रतापसिंह महाराजांचा, १८२४ चा. १८३९ मध्ये इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवलं, १८४७ ला ते तिकडंच वारले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झालं. मग राजाच्या वाड्यात सरकारी हायस्कूल भरायला लागलं, ज्याला आज आपण प्रतापसिंह हायस्कूल म्हणतो.

७ नोव्हेंबर १९००, रजिस्टर नंबर १९१४, भिवा रामजी आंबेडकर, इंग्रजी पहिली. हे सातारकरांना पाठ आहे, आणि २०१७ पासून त्या तारखेला राज्यभर विद्यार्थी दिवस पण असतो. चांगलंच आहे की. पण सातारच्या शाळेतले दिवस कसे होते ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय, ते कुणी सांगतच नाही! वर्गात एका कोपऱ्यात वेगळं बसायचं, खाली घरनं आणलेलं गोणपाट, शाळा झाडणारा माणूस त्या गोणपाटाला हात लावणार नाही म्हणून संध्याकाळी ते घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. रोज. दफ्तरासारखं. तहान लागली तर आधी मास्तरांची परवानगी आणि मग नळ शिपायानंच सोडायचा, पोरानं तोटीला हात लावायचा नाही. शिपाई जागेवर नसला की पाणी नाही, विषय संपला.

आता दुरुस्ती करा, रंगरंगोटी करा, सागवानी खांब जपा, जपलेच पाहिजेत, त्याला माझी ना नाही. पण फलकावर नुसतं "येथे शिकले" लिहून मोकळं होऊ नका राव. कसं शिकले तेही लिहा ना. गोणपाट लिहा, नळ लिहा. चार ओळी वाढतील, वाढू द्या. कुणी म्हणेल कशाला जुन्या गोष्टी उकरायच्या, तर भाऊ, १८२४ पण जुनंच आहे, ते कसं अभिमानानं सांगतो आपण?

पुढच्या पाहुण्याला मी आधी गोणपाट सांगणार आणि नंबर नंतर. पेढे घेऊच, दुकानं उघडी असतात उशिरापर्यंत.