बाकं बदलली की भूमिका बदलते

संसदेचं कामकाज रोखणं ही सवयच झाली आहे, हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण दोष एकाच बाजूला देऊ नका. २०१० चं हिवाळी अधिवेशन टूजी स्पेक्ट्रम वाटपाच्या प्रकरणावरून भाजपसह विरोधकांनी चालू दिलं नाही. २०१५ च्या पावसाळी अधिवेशनात काँग्रेसने तेच केलं. डिसेंबर २०२३ मध्ये तर दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित झाले, आणि तीन नवे फौजदारी कायदे त्याच दिवसांत विरोधी बाकं बरीचशी रिकामी असताना मंजूर झाले. चर्चा कुणी केली मग?

मी गोव्याचा. आमच्या घरात वडील गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणणारे, मामा कट्टर विरोधातले, तरी दोघेही एक गोष्ट मानायचे. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांना गोवा महाराष्ट्रात जावा असं मनापासून वाटत होतं. तरीही विलीनीकरणावरचा जनमत कौल निःपक्षपाती व्हावा, या विरोधकांच्या मागणीवरून त्यांनी डिसेंबर १९६६ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलं. १६ जानेवारी १९६७ चा कौल विरुद्ध गेला, तो त्यांनी स्वीकारला. त्यानंतरच्या निवडणुकीत लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिलं.

आज गोवा-कर्नाटकातल्या म्हादई नदीच्या पाणीवादाचंच बघा. एकाच पक्षाचे नेते बेळगावात एक बोलतात, पणजीत नेमकं उलट. भाजप असो वा काँग्रेस. दिल्लीतल्या श्रेष्ठींसमोर गोव्याची बाजू ठामपणे मांडणारा सत्ताधारी आमदार मला पर्वरीच्या विधानसभेत बघायचा आहे.