फॉइलची चकचकीत बाजू आणि व्हॉट्सअ‍ॅपचा मुलामा

सध्या फिरणारा मेसेज असा: ‘अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या चकचकीत बाजूला केमिकल पॉलिश असतं, ती अन्नाला लागली की विष पोटात जातं. शिवाय एवढा पातळ कागद निव्वळ धातूचा असूच शकत नाही, आत प्लॅस्टिक असतं.’

पॉलिशपासून सुरुवात करू, कारण खरी गंमत तिथेच आहे. अ‍ॅल्युमिनियमचा साधारण अर्धा मीटर जाडीचा ठोकळा 500 अंशांच्या आसपास तापवून पोलादी रोलांमधून लाटतात. काही मिलिमीटरवर आला की त्याची कॉइल गुंडाळायची आणि पुढचं लाटणं थंडच. आपल्याकडे नवी मुंबईजवळ तळोज्याला असे पत्रे लाटले जातात. लाटता लाटता धातू कडक होतो, म्हणून अधूनमधून भट्टीत घालून मऊ करतात. शेवटी मात्र पत्रा इतका पातळ होतो की एकेरी लाटायला गेलं तर फाटतो. मग समोशाच्या पट्ट्यांसाठी तेल लावून दोन पोळ्या एकत्र लाटतात ना, अगदी तीच युक्ती! दोन पदर, मध्ये तेल, आणि शेवटचा हात. जी बाजू गुळगुळीत रोलाला घासली ती चकचकीत, जी दुसऱ्या पदराला चिकटून होती ती मंद. नंतर पदर सोडवतात. पॉलिश कसलं आलंय त्यात?

मग विष? दोन्ही बाजू एकाच धातूच्या, त्यामुळे कोणतीही आत घ्या. अपवाद नॉन-स्टिक फॉइलचा. तिच्या एकाच बाजूला लेप असतो आणि कोणत्या, ते खोक्यावर लिहिलेलं असतं. लाटण्याच्या तेलाबद्दल विचारलं असतं तर प्रश्न तरी बरा होता. ते शेवटच्या भट्टीत उडून जातं.

प्लॅस्टिकचं म्हणाल तर चुरगाळून बघा. फॉइल चुरगळलेलीच राहते, चिप्सचं पाकीट पुन्हा फुलतं, कारण ते धातूचा मुलामा दिलेलं प्लॅस्टिक आहे. घरातली फॉइल 10 ते 18 मायक्रॉनची, निव्वळ धातूची. दुधा-ज्यूसच्या खोक्यात मात्र तिच्याहून पातळ फॉइल असते आणि तिथे तिच्या दोन्ही अंगांना प्लॅस्टिक खरंच असतं.

ज्याची काळजी करावी ते त्या मेसेजमध्ये नाहीच. आंबट-खारट पदार्थात अ‍ॅल्युमिनियम थोडं थोडं उतरतं, गरम असेल तर जास्त, आणि बाजू कोणतीही असो. लोणच्याची फोड रात्रभर फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा. सकाळी ती फॉइल उजेडात धरली तर बारीक भोकं दिसू शकतात.